निर्माल्यातले पाकीट

विंडसर, ओंटारिओ
रविवार, १ फेब्रुवारी २००९

प्रिय फेलिक्सभाऊ,

गुडघे दुखत असल्यामुळे बसूनच केलेला हा नमस्कार उभ्याने केल्याप्रमाणे स्वीकारावा. सेलेस्टीनवहिनी माझ्याहून चार महिन्यांनी मोठ्या, म्हणून त्यांनाही आशीर्वाद नव्हे, नमस्कारच.

फोनवर हल्ली माझा कान आणि तुमचा आवाज दोन्ही दगा देतात. तेव्हा पत्रच बरे. मी वसईत मुलांना संस्कृत शिकवीत होतो आणि तुम्ही न्यायालयाचे बेलिफ म्हणून सायकलवरून समन्स वाटीत फिरत होता, त्या काळापासून चाळीस वर्षे चाललेला आपला वाद टपालखर्चाअभावी थांबू नये, एवढीच इच्छा.

माघी गणेश जयंती यथासांग पार पडली. दूर्वा तळघरात दिव्याखाली कुंडीत वाढविल्या आहेत. जास्वंद न मिळाल्याने तांबडी कार्नेशन वाहिली; देव देश पाहून फूल स्वीकारतो, यावर माझी श्रद्धा आहे. एकच अडचण अशी की नदी गोठली आहे. निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडावे, ही आपल्याकडची रीत. म्हणून कार्तिकापासूनचे सर्व निर्माल्य मी एका मोठ्या पिशवीत भरून गॅरेजमध्ये ठेवले आहे. बर्फ वितळले की नदीवर नेईन. यामिनी रोज सांगते, "बाबा, प्लीज, ती बॅग गार्बेजमध्ये जाऊ द्या. कार पार्क करताना दर वेळी मी देवाला धडक देते." सून गुणी आहे, पण हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करून तिला प्रत्येक गोष्टीत जंतू दिसू लागले आहेत.

एक शुभवार्ता असावी, असे वाटते. गेल्या सोमवारी रजिस्टर टपालाने दोन पाकिटे आली, एक स्वानंदच्या नावे व एक यामिनीच्या. घरी मी एकटाच असल्याने सही करून घेतली. सोमवती अमावास्या असल्याने ती उघडणे प्रशस्त नव्हते. देव्हाऱ्यात ठेवून वर कुंकू-अक्षता वाहिल्या. कोपऱ्यात 'ट्रस्ट' असे छापले होते. मी वीस वर्षे देवस्थानचा विश्वस्त होतो, त्यामुळे तो शब्द पाहून मन निश्चिंत झाले. गणेश जयंतीच्या आरतीनंतर दोघांच्या हाती पाकिटे दिली. त्यांनी आतील कागद वाचले, एकमेकांकडे पाहिले आणि मोदक न खाताच खोलीत गेली. आनंद फार झाला की भूक जाते.

स्वानंदची कारखान्यातील पाळी बदललेली दिसते. हल्ली दुपारीच घरी येतो. ऊर्मी आठ वर्षांची झाली. मी श्लोक सांगतो, ती म्हणते, "आजोबा, कॅन वी डू अ शॉर्टर वन?"

आपला,
नंदकुमार

मिसिसॉगा
गुरुवार, ५ फेब्रुवारी २००९

प्रिय मास्तर,

देवाची शांती तुमच्या घरात असो. या वेळी ही नुसती लिहिण्याची रीत म्हणून लिहीत नाही.

आधी थट्टा उरकून घेतो. आमच्या जोआनाने संगणकावर पाहून सांगितले की तुमची सोमवती अमावास्या विंडसरला रविवारी मध्यरात्रीनंतर तीन वाजायच्या आतच संपली. तुमचे पंचांग मुंबईचे आणि पोस्टमन कॅनडाचा. पाकिटे आली ती प्रतिपदेला. म्हणजे चार दिवस तुम्ही देवाला उगाचच पहारा करायला लावलात.

आता दुसरे. मी एकतीस वर्षे लोकांच्या दारी कागद पोहोचविले. पाकीट पाहून आत काय आहे, ते मला कळते. नवरा आणि बायकोला वेगवेगळे पाकीट, दोन्ही रजिस्टर, त्यावर सही हवी, आणि वाचल्यावर मोदकसुद्धा नको. मास्तर, शुभवार्तेला कोणी दोनदा सही घेत नाही. शुभवार्ता साध्या टपालाने येते आणि बहुधा उशिरा येते.

पोराला समोर बसवा आणि विचारा. 'पाळी बदलली' असे तो म्हणाला की तुम्हीच ठरविलेत? शाळेत मुले मागच्या बाकावर काय करीत असत, तेही तुम्हाला कधी दिसले नाही.

सेलेस्टीनने तुमच्यासाठी सुक्या बोंबलांची चटणी पाठवायची म्हटले, मग तिला आठवले की तुम्ही खात नाही. चाळीस वर्षे तिला हे दर वेळी नव्याने आठवते.

तुमचा,
फेलिक्स तुस्कानो

विंडसर
सोमवार, ९ फेब्रुवारी २००९

प्रिय फेलिक्सभाऊ,

तुमचे अनुमान खरे ठरले. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नी ओळखतात. तुम्ही मोदकावरून ओळखलात.

काल स्वानंदला विचारले. प्रथम तो हसला. मग म्हणाला, "बाबा, मला लेऑफ होऊन चार महिने झाले."

मी म्हटले, "मग रोज सकाळी डबा घेऊन कोठे जात होतास?"

"लायब्ररीत. तिथे बसून अप्लाय करतो."

"मला का सांगितले नाहीस?"

"तुम्ही उपास धरले असते."

मी खरोखरच धरले असते. यामिनी म्हणाली, "आणि मग तुमच्यासाठी साबुदाणा कोणी भिजवायचा? मीच ना?" तिघेही हसलो, आणि मग तिघांनाही हसू आवरावे लागले.

मोटारींच्या सुट्या भागांचा त्याचा कारखाना ऑक्टोबरात बंद झाला. या शहरात प्रत्येक तिसऱ्या घरी हीच कथा आहे. त्यानंतर घराच्या कर्जाचे तीन हप्ते थकले. पाकिटातील कागद म्हणजे विक्रीची नोटीस. तेवीस फेब्रुवारीपर्यंत थकबाकी व खर्च न भरल्यास घर विकण्यात येईल. न्यायालयात न जाताही येथे धनकोला तसे करता येते म्हणे. त्याला 'पॉवर ऑफ सेल' म्हणतात. ज्या घराच्या वास्तुशांतीला मी स्वतः संकल्प सांगितला, ते घर चौदा दिवसांत जाणार.

पण फेलिक्सभाऊ, यात एक विलक्षण गोष्ट आहे, आणि ती कळल्यापासून मला झोप नाही. दुःखाने नव्हे, उत्साहाने.

मी स्वानंदला म्हटले, "धनकोला भेटू. माणूस आहे, ऐकेल." त्याने तीन फोन केले आणि स्पीकरवर मला ऐकविले. पहिला म्हणाला, आम्ही केवळ हप्ते गोळा करतो. दुसरा म्हणाला, आम्ही केवळ कागद सांभाळतो. तिसऱ्या फोनवरची बाई म्हणाली, कर्जाची मालकी ट्रस्टची आहे. स्वानंदने ट्रस्टचा नंबर मागितला. ती म्हणाली, "सर, ट्रस्टला फोन नसतो." त्या ट्रस्टला नावही नाही, केवळ वर्ष आणि आकडा आहे. देवस्थानचा म्हणून मी ज्याच्यावर विश्वास ठेवला, तो हा!

स्वानंदने समजावून सांगितले ते असे. दोन हजार सहा साली ज्यांनी हे कर्ज दिले, त्यांनी ते इतर हजारो कर्जांत मिसळले, परातीत थापावे तसे थापले, वड्या पाडल्या आणि देशोदेशीच्या लोकांना विकल्या. आमच्या स्वयंपाकघराची एक वडी नॉर्वेतील एखाद्या शिक्षकाच्या निवृत्तिवेतनात असेल, जिन्याची दुसरी आणखी कोणाकडे. मग मला सांगा, आमचा धनको कोण?

कोणत्याही कर्माच्या आरंभी आपण देश, काळ आणि कर्ता यांचा उच्चार करतो. यजमान कोण, हे न सांगता केलेले कर्म फळत नाही. तर मग धनको कोण, हे न सांगता मागितलेले ऋण कोणत्या न्यायाने मागता येईल? या मुद्द्यावर मी अकरा प्रकरणांचे टिपण तयार केले आहे. न्यायाधीशांसमोर ते मी स्वतः वाचीन. स्वानंदने इंग्रजी करावे.

गैरसमज नको. ऋण बुडवावे, असे माझ्या मनात नाही. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण जन्मतःच डोक्यावर असते, असे मी आयुष्यभर मुलांना शिकविले. तोच मी मुलाच्या घराचे ऋण नाकारीन काय? लंडनच्या एका कंपनीत, येथील लंडन हो, त्याच्या दोन मुलाखती झाल्या आहेत. त्याला थोडा काळ हवा आहे, आणि देणे कोणाच्या हाती द्यावे हे समजायला हवे. एवढेच.

टिपणाची प्रत आणि नोटिशीचा उतरवून घेतलेला मजकूर सोबत आहे. दोन्ही जोआनाला दाखवावे.

आपला,
नंदकुमार

मिसिसॉगा
गुरुवार, १२ फेब्रुवारी २००९
(जलद टपालाने)

प्रिय मास्तर,

टिपण जोआनाने वाचले. ती घरांची कामे करणाऱ्या वकिलांकडे बारा वर्षे क्लार्क आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ती म्हणाली, "डॅडी, अंकलना सांगा, पॉईंट एकदम भारी आहे. पण ह्याच्यावर घर टिकणार नाही."

तिने जमिनीच्या नोंदणीतला तुमच्या घराचा उतारा काढला. तिथे कर्जाचा धारक म्हणून एका कंपनीचे नाव लिहिलेले आहे, आणि नोटीसही त्याच नावाने आलेली आहे. त्या नावामागे हजार माणसे असोत की नॉर्वेचा मास्तर असो, इथला कायदा सहसा त्यात शिरत नाही. नदीपलीकडे अमेरिकेत म्हणे काही ठिकाणी लोक 'मूळ कागद दाखवा' म्हणून उभे राहतात आणि काहींची घरे वाचतातही. अर्ध्या मैलाचे पाणी मध्ये आहे, मास्तर, आणि त्या पाण्याच्या दोन काठांचा कायदा वेगळा आहे. तुमची अकरा प्रकरणे जपून ठेवा. स्वर्गात आपल्या दोघांना एकच बाक मिळाला तर तिथे वाचू.

पण तुमच्या टिपणातली एक ओळ मी सोडली नाही. देश, काळ आणि कर्ता. तुम्ही कर्त्याच्या मागे लागलात. मी बेलिफ. मी आयुष्यभर काळ पाहिला.

जोआना सांगते की इथे अशा नोटिशीत कमीत कमी पस्तीस दिवसांची मुदत द्यावी लागते, आणि ते दिवस कागदावरच्या तारखेपासून नव्हे, तो टपालात पडला त्या दिवसापासून मोजतात. त्याहून कमी पडले तर नोटीस सदोष. पुन्हा पाठवावी लागते आणि पस्तीस दिवस पुन्हा नव्याने सुरू होतात. तेवढ्या मुदतीत थकबाकी आणि खर्च भरला की कर्ज पूर्ववत.

तुम्ही उतरवून पाठविलेल्या मजकुरावर पंधरा जानेवारी आहे. त्यावरून एकोणचाळीस दिवस होतात, नियमात बसते. पण तुमच्या हाती पाकीट आले सव्वीसला! टोरांटोहून विंडसरला रजिस्टर टपाल अकरा दिवस चालत जाते का? एकोणीस तारखेनंतर टपालात पडले असेल, तर नोटीस कच्ची.

पाकीट कुठे आहे? कागद नव्हे, पाकीट. ज्यावर टपालाचा शिक्का आहे ते. पोस्टाकडेही नोंद मिळेल, पण शोधायला किती दिवस लागतील कोण जाणे, आणि तुमच्याजवळ दिवस अकराच आहेत. हातात आहे ते हातात.

मला हे कसे सुचले, असे तुम्ही विचाराल. सांगतो. हे मी फादरना सांगितले आहे, सेलेस्टीनला सांगितले आहे, तुम्हाला कधी सांगितले नाही.

एकोणीसशे त्र्याऐंशी साली, दुसऱ्या एका तालुक्याला बदली असताना, एका विधवेचे समन्स माझ्या सायकलच्या पिशवीत नऊ दिवस राहिले. माझा ताप, सेलेस्टीनचे धाकट्याच्या वेळचे बाळंतपण, कारण काही का असेना. वरिष्ठ म्हणाले, "तुस्कानो, आधीची तारीख टाक." मी टाकली. तिला कोर्टात उभे राहायला वेळच मिळाला नाही. तिच्या गैरहजेरीत निकाल लागला आणि दोन खोल्यांचे घर गेले. तिच्याजवळ काही पुरावा असता तर मी पकडला गेलो असतो. तिच्याजवळ काही नव्हते, आणि मी बढती घेऊन निवृत्त झालो. तिचे नाव लिहीत नाही. रोज प्रार्थनेत घेतो.

म्हणून विचारतो, मास्तर. पाकीट कुठे आहे?

फेलिक्स

विंडसर
शनिवार, १४ फेब्रुवारी २००९

प्रिय फेलिक्सभाऊ,

पत्र काल दुपारी पोहोचले. दोनदा वाचले, दुसऱ्यांदा वाचताना चष्मा पुसावा लागला. त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी पाकीट.

स्वानंदने आपले पाकीट फाडून त्याच दिवशी रिसायकलिंगमध्ये टाकले होते आणि ते केव्हाच गेले. यामिनीने आपले टेबलावर ठेवले होते. ते मात्र मी उचलल्याचे मला स्पष्ट आठवले. त्याच्यावर कुंकू होते. देवाला वाहिलेली वस्तू कचऱ्यात कशी टाकावी? ती निर्माल्यच. अर्थात ते मी निर्माल्याच्या पिशवीत घातले, पिशवी गॅरेजमध्ये होती, आणि पिशवीत कार्तिकापासूनची साडेतीन महिन्यांची फुले, दूर्वा व तुळशीची पाने गोठून एक अखंड शिळा झाली होती.

मी यामिनीला हे सांगितले. मला वाटले, आता ऐकून घ्यावे लागणार. ती म्हणाली, "बाबा, मंगळवारी मी ती बॅग कर्बपर्यंत नेली होती. गार्बेजवाला ऑलरेडी निघून गेला होता, म्हणून परत आणली. तुम्हाला बोलले नाही." मग आम्ही दोघांनीही एकमेकांना काही बोलायचे नाही, असे ठरविले.

शिळा तळघरातील कपडे धुण्याच्या हौदात आणून उपडी ठेवली. गरम पाणी ओतू देईना मी, शाई जाईल. म्हणून यामिनीचा केस वाळविण्याचा झोत लावून बसलो. स्वानंद थर सोडवी, ऊर्मी हातमोजे घालून एकेक पाकळी बाजूला करी. "आजोबा, धिस इज सो ग्रॉस!" असे ती सुमारे चाळीस वेळा म्हणाली, पण जागची हलली नाही. मार्गशीर्ष गेला, पौष लागला, गेल्या महिन्यातील कार्नेशन दिसू लागली, आणि ती ओरडली, "आय फाउंड इट! इट हॅज रेड स्टफ ऑन इट!"

कुंकू शिक्क्याच्या अगदी शेजारी पडले होते. एक बोट इकडे असते, तर आकडा झाकला जाता. बर्फाने पाकीट कोरेच्या कोरे जपले होते. मला चष्म्यातूनही दिसेना. ऊर्मीने वाचले, "जॅन ट्वेंटी-थ्री."

स्वानंदने बोटांवर मोजले. मग यामिनीने मोजले. मग मी मोजले, आणि मी मोजल्यावर ऊर्मीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने मोजले. तेवीस जानेवारी ते तेवीस फेब्रुवारी, एकतीस दिवस. चार कमी.

पाकीट आता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये, मटारांशेजारी ठेवले आहे. सोमवारी फॅमिली डेची सुट्टी; मंगळवारी सकाळी येथील विधी-सहाय्य केंद्रातील वकीलबाईंकडे स्वानंद व यामिनी घेऊन जातील. मी जाऊ नये, असे तिघांचे मत पडले. टिपण पाठवू काय, असे विचारले. तेही नको म्हणाले.

आता तुमचे.

फेलिक्सभाऊ, चाळीस वर्षे मी तुम्हाला वादात हरविण्याचा यत्न केला. आज तुम्ही स्वतःहून शस्त्र खाली ठेवलेत, तेव्हा मीही माझे ठेवतो. तुमच्या धर्मात दोष बोलून दाखवतात, आमच्यात प्रायश्चित्त सांगतात. बोलून तुम्ही दाखविलेत. प्रायश्चित्ताविषयी माझे मत विचाराल, तर जो दोष ज्या अवयवाने घडला, त्याच अवयवाने त्याचे निवारण करावे. तारीख तुमच्या हाताने खोटी झाली, आज त्याच हाताने लिहिले, "पाकीट कुठे आहे?" त्या माउलीचे घर याने परत येत नाही, हे मी जाणतो. पण देवापुढे मी तुमच्या बाजूने साक्ष देईन. माझ्या देवापुढे आणि चालत असेल तर तुमच्याही.

आपला,
नंदकुमार

मिसिसॉगा
शनिवार, २१ फेब्रुवारी २००९

प्रिय मास्तर,

मंगळवार होऊन चार दिवस झाले, तुमचे काही नाही. जोआना म्हणते, "डॅडी, फोन करा." केला. तुम्ही उचललात आणि म्हणालात, "कोण? फेलिक्सभाऊ? इथे सर्व कुशल, बर्फ फार," आणि ठेवून दिलात. मी काय विचारले, ते तुम्हाला ऐकूच आले नाही.

सेलेस्टीनने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. सांगत होती, गणपतीच्या वतीनेही एक लावली. फादरना सांगू नका.

परवा तेवीस तारीख. लिहा.

फेलिक्स

विंडसर
मंगळवार, २४ फेब्रुवारी २००९

प्रिय फेलिक्सभाऊ,

काल तेवीस तारीख आली आणि गेली. हे पत्र त्याच घरातील त्याच टेबलावरून लिहीत आहे.

वकीलबाईंनी पाकीट हाती घेतले, उजेडात धरले आणि म्हणाल्या की अशा कामात लोक नोटीस आणतात, पाकीट कोणीच आणत नाही. मग त्यांनी कुंकवाकडे पाहून विचारले, हे रक्त आहे का? यामिनीने खुलासा केला. त्यांनी पाकिटाची छायाप्रत जोडून त्याच दिवशी पत्र धाडले. शुक्रवारी उत्तर आले: नोटीस मागे घेतली आहे, नवी पाठवू.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. काल सकाळी फोन वाजला, आणि फोनवर माणूस होता! त्याला नाव होते, त्याच्या टेबलाला नंबर होता, आणि तो म्हणाला, "आपण किती दिवसांत भरू शकाल?" तीन फोन करूनही स्वानंदला जो सापडला नव्हता, तो हा. कर्त्याविना कर्म होत नाही, हे माझे म्हणणे शेवटी खरेच होते. फक्त कर्ता अकरा प्रकरणांनी प्रकट होत नाही, एका शिक्क्याने होतो, एवढा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. हे मी लेखी मान्य करीत आहे. जपून ठेवा, पुन्हा करणार नाही.

लंडनच्या कंपनीने तिसऱ्यांदा बोलावले आहे.

नंदकुमार

विंडसर
सोमवार, ३० मार्च २००९

प्रिय फेलिक्सभाऊ,

महिनाभर लिहिले नाही. जे घडेल अशी आशा होती, ते घडण्यापूर्वी लिहावे, असे वाटेना.

स्वानंद नऊ मार्चपासून लंडनला जातो. रुग्णालयांना लागणारी यंत्रे तेथे तयार होतात. त्यांच्या आराखड्यांचे काम. जायला दोन तास, यायला दोन. बर्फ पडले तर अडीच. तो दमतो, पण डबा आता खऱ्या ठिकाणी जातो. यामिनीने जादा पाळ्या केल्या. कमी पडत होते तेवढे मी काशीला जाण्यासाठी साठविले होते, त्यातून दिले. स्वानंद नको म्हणत होता. मी म्हटले, "काशीला जाऊन मी काय मागणार होतो? मुलाचे घर सुखी ठेव, हेच ना? मग मध्ये विमान कशाला?"

गुढीपाडव्याच्या दिवशी थकबाकी व खर्च भरला. नव्या नोटिशीची मुदत संपायला दहा दिवस बाकी होते. पावती घेतली. पावतीवर माणसाची सही आहे. मी भिंगाने पाहिली.

नदी मोकळी झाली. पण निर्माल्य तेथे नेले नाही. इतकी वर्षे मागचे अंगण असताना मी नदीवर का जात होतो, हे आता स्वतःशी कबूल करतो. जे घर केव्हाही परक्याचे होईल, असे कोठे तरी वाटत होते, त्याच्या मातीत देवाची फुले पुरण्यास मन धजावत नव्हते. परवा खड्डा खणला. यामिनीने वर लायलकचे रोप लावले आणि म्हणाली, "थँक गॉड, गॅरेज मोकळं झालं." त्यात देवाचे नाव आले, म्हणून मी काही बोललो नाही.

राहता राहिले पाकीट. माझ्या शास्त्राप्रमाणे ते निर्माल्य आहे, विसर्जन हवे. तुमच्या शास्त्राप्रमाणे तो पुरावा आहे, जतन हवे. यामिनीच्या शास्त्राप्रमाणे ते मटारांजवळ नको. निर्णय तुम्ही द्यावा, आणि तोही येथे येऊन. सेलेस्टीनवहिनींना घेऊन या. चटणी आणू नये, हे त्यांना निघताना पुन्हा सांगावे.

आपला,
नंदकुमार

मिसिसॉगा
शुक्रवार, १७ एप्रिल २००९

प्रिय मास्तर,

घरी सुखरूप पोहोचलो. पाकीट माझ्या प्रार्थनेच्या जागी, क्रुसाखाली ठेवले आहे. आता ते माझ्याजवळच राहील. तुम्ही मला विचारलेत की घेऊन जाऊन काय करणार. तिथे ऊर्मी होती म्हणून बोललो नाही. एका पाकिटासाठी मी सव्वीस वर्षे प्रार्थना केली होती. ते तुमच्या फ्रीजरमध्ये निघाले.

खाली एक अहवाल लिहितो. निवृत्त झाल्यापासून लिहिला नव्हता. नमुना जुनाच आहे. चुकला असल्यास तुम्ही लाल शाईने दुरुस्त कराल, ही खात्री आहे.

बेलिफाचा अहवाल

मी, फेलिक्स तुस्कानो, सेवानिवृत्त बेलिफ, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की दिनांक १५ एप्रिल २००९ रोजी सकाळी अकरा वाजता मी विंडसर येथील घरी जातीने गेलो. दार ठोठावले. दार तत्काळ उघडण्यात आले. आत घरमालक स्वानंद, जो त्या दिवशी रजा घेऊन थांबला होता, त्याची पत्नी यामिनी, त्या दिवशी शाळेत न गेलेली कन्या ऊर्मी आणि एक वृद्ध मास्तर असे चार इसम हजर मिळाले. घराला कुलूप नव्हते. दारावर कोणताही कागद चिकटविलेला नव्हता. अंगणात नव्याने लावलेले एक झाड आढळले. त्याला चार पाने होती, ती पंचांसमक्ष मोजली. सदर इसमांनी मला बसविले, दोनदा जेवू घातले आणि जाऊ देण्यास नकार दिला.

बजावणी करण्यासारखा कागद नसल्याने काहीही न बजावता परत आलो. अशा रीतीने परत येण्याचा माझ्या नोकरीतील हा पहिलाच प्रसंग.

हा अहवाल मी आज, १७ एप्रिल २००९ रोजी, माझ्या हाताने लिहिला. तारीख खरी आहे. शंका असल्यास या पत्राच्या पाकिटावरचा शिक्का पाहावा.

फेलिक्स तुस्कानो